मागचे दिवे

१

चनबसप्पांनी आयुष्यात एकही वस्तू नवी घेतली नव्हती आणि याचा त्यांना अभिमान होता. सायकल, कपाट, शिलाई मशीन, राहतं घरसुद्धा आधी कुणीतरी वापरून झालेलं. "बायको तेवढी नवी आणली," असं ते चारचौघांत म्हणत आणि गिरिजाबाई आतून उत्तर देत, "आन् मला नवरा जुनाच मिळाला." हा विनोदही एकोणचाळीस वर्षं वापरलेला होता, पण अजून चालत होता.

पाटबंधारे खात्याच्या कचेरीत अठ्ठावीस वर्षं त्यांच्याकडे वाहनांचं टेबल होतं. साहेब बदलले, धरणं रखडली, पण दर महिन्याच्या एक तारखेला कचेरीच्या जीपगाड्यांची तपासणी चुकली नाही. त्यासाठी त्यांनी एक्केचाळीस कलमांची यादी केली होती. पत्र्याला रुपयाचं नाणं वाजवून बघायचं. रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक फिरवून रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलीय का ते ओळखायचं. पायाखालची मॅट उचलून वास घ्यायचा. निवृत्तीला आठ वर्षं झाली, तरी गल्लीत कुणी जुनी स्कूटर घ्यायला निघालं की चनबसप्पांना मागं बसवून नेत असे.

यादीतला त्यांचा सगळ्यात आवडता भाग शेवटचा, दिव्यांचा. एकानं पुढं बसायचं, एकानं मागं उभं राहायचं. पुढच्यानं बटण दाबून विचारायचं, "डावा?" मागच्यानं हात वर करून सांगायचं, "लागला." मग पुढच्यानं "बरं" म्हणायचं आणि यादीत खूण करायची. पुढच्यानं मागं वळून मात्र बघायचं नाही. वळलं की ब्रेकवरचा पाय हलतो, हे सांगायचं कारण. खरं कारण असं, की मागच्याच्या शब्दावर विसंबल्याशिवाय सरकारात कुठलंच काम पुढं सरकत नाही, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

अठ्ठावीस वर्षं मागं उभा राहायचा तो शिवयोगी. शेजारच्या टेबलावरचा, नंतर समोरच्या घरातला, आणि जगात एकटाच असा, की जो चनबसप्पांना 'चनबसू' म्हणत असे.

२

गाडीची बातमी शिवयोगीनंच आणली. मे महिन्यातली दुपार होती, अंगणातली फरशी तव्यासारखी तापलेली, आणि शिवयोगीच्या गळ्यात लोकरी मफलर होता.

"काय बे शिव्या, काश्मीरला निघालास का?"

"मान धरलीय," शिवयोगी म्हणाला. "ऐक. फिरतं घर हाय. मिनीबसवर बांधलेलं. आत पलंग, ओटा, आन् वहिनींसाठी मुद्दाम सांगतो, संडास हाय. स्वच्छ. दार लावून कडी घालता येते असा."

हे शेवटचं वाक्य नेमकं जिथं पोचायचं तिथं पोचलं. गिरिजाबाई एकसष्ट वर्षांच्या झाल्या होत्या, पण तुळजापूर आणि गाणगापूर यांच्या पलीकडे गेलेल्या नव्हत्या. कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून कुणाला सांगितलेलं नव्हतं. त्यांना रस्त्यावरचे संडास सोसत नसत. प्रवास म्हटला की त्या आदल्या संध्याकाळपासून पाणी सोडत, आणि पाण्यावाचून माणूस जेवढं लांब जाऊ शकतं तेवढंच लांब त्या गेल्या होत्या. त्यांना समुद्र बघायचा होता. निवृत्तीच्या दिवशी चनबसप्पांनी शब्द दिला होता आणि तो आठ वर्षं तसाच पडून होता.

"अंधारलं की हितं," शिवयोगी म्हणाला. "वहिनी, जरा दिवा लावा."

बटण त्याच्या खांद्यापाशी होतं. गिरिजाबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि त्यांनी दिवा लावला. चनबसप्पांना हसू आलं. गेला महिनाभर शिवयोगीचं हे नवीन खूळ होतं. घरी सुनेला हाक मारून पंखा लावायला लावायचा. स्कूटरवर वळताना इंडिकेटर न देता हात काढून दाखवायचा. संध्याकाळी ओट्यावर अंधारात बसून राहायचा. पैसे वाचवतोय, असं सगळी गल्ली म्हणत होती.

"गाडी कुणाची?"

"विरेश म्हणून पोरगा हाय. ओळखीतला. टॉवेलचा कारखाना बंद पडलाय त्याचा. शेडमधी उभी हाय गाडी." शिवयोगीनं मफलर नीट केला. "दिव्यांची तपासणी मात्र तूच कर. पुढं तू बस. तुझ्यासारखं कुणाला जमत न्हाय."

एवढी स्तुती चनबसप्पांनी नोकरीत असताना कधी ऐकली नव्हती. तिथंच शंका यायला हवी होती.

३

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, यंत्रमागांच्या खडखडाटातून गेल्यावर, एक शेड गप्प होती. विरेश दारातल्या कडुलिंबाखाली उभा होता. पस्तिशीचा, गोरा, हसरा. तो पुढं झाला, भिंतीवरची बटणं त्यानं एकामागून एक दाबली आणि शेडमधल्या नळ्या लुकलुकत पेटल्या. बटणं दाबताना तो एखाद्या लहान मुलासारखा खूश दिसत होता. हे चनबसप्पांच्या लक्षात आलं, पण त्यासाठी यादीत कलम नव्हतं.

"तुम्हीच बघा काका. मी बाहेरच थांबतो."

माग विकले गेले होते, पण शेडच्या फरशीवर कापसाचं बारीक तूस बोटभर साचलं होतं. त्या पांढऱ्या थरात ती गाडी उभी होती, कापसात ठेवलेल्या दागिन्यासारखी.

चनबसप्पा तासभर रमले. नाणं सगळीकडे खणखणीत वाजलं. लोहचुंबक कुठंच सुटलं नाही. ते आत चढले तेव्हा गाडी त्यांच्या वजनानं किंचित खचून वर आली, स्प्रिंगा उत्तम. मागच्या टोकाला पलंग, त्याच्या पुढं संडास, मग दोन शेगड्यांचा ओटा, मग एक बाकडं आणि त्याला लागून चालकाची जागा. संडासाची कडी त्यांनी तीन वेळा लावून काढून बघितली. गिरिजाबाईंचा हात तिथं पडेल, म्हणून तीन वेळा.

दोनच गोष्टी खटकल्या. चालकाच्या सीटला डोकं टेकायला जी उशी होती, तिच्या खालच्या कडेला, बरोबर माणसाच्या मानेपाशी, ओलीचा पांढुरका डाग होता. त्यांनी हात लावला. डाग गार होता. बाहेर त्रेचाळीस डिग्री आणि आत ओल, म्हणजे छत गळतंय. पण छत कोरडं ठाक होतं, आणि सोलापुरात गेल्या सात महिन्यांत गळायला वरून काही पडलेलंही नव्हतं.

दुसरी गोष्ट, दिव्यांची बटणं. समोरच्या फळीवर तेरा बटणं ओळीनं होती आणि प्रत्येकावर चिकटपट्टी मारलेली होती. एकदा नाही, पाच-सहा वेळा, एकावर एक.

"हे काय रे?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"पोरं दाबत बसतात की काका," विरेश लांबूनच म्हणाला.

शेडमध्ये पोरं नव्हती. तुसात कुठं पोरांची पावलंही नव्हती. पण विकणारा थोडं खोटं बोलतोच, असा चनबसप्पांचा अनुभव होता, आणि थोड्या खोट्याला ते सवलत देत असत. त्यांनी नखानं पट्ट्या सोलून काढल्या.

"मी मागं जातो," शिवयोगी म्हणाला. "तू बस."

"अंतर ठेवून उभा राहा. मागच्या खेपेसारखा धुरात नको."

"चनबसू," शिवयोगी म्हणाला आणि थांबला. त्याला काहीतरी सांगायचं असावं. मग म्हणाला, "होग्ली बिडू," म्हणजे जाऊ दे, आणि त्याची पावलं तुसात मऊ वाजत गाडीच्या बगलेनं मागं गेली.

४

"डावा?"

"लागला."

"बरं."

"उजवा?"

"लागला."

"बरं."

चनबसप्पांनी खुणा केल्या आणि तिसऱ्या बटणाशी त्यांचा हात रेंगाळला. काहीतरी कमी होतं. अठ्ठावीस वर्षांत शिवयोगीनं एका शब्दात उत्तर दिलं नव्हतं. "लागला की बे, डोळं दिपलं." "लागला, पर तुझ्यासारखाच मंद हाय." साहेब शेजारी उभे असले तरी त्याची जीभ थांबत नसे. आज नुसतं 'लागला.' दोन्ही वेळा एकाच वजनाचं, एकाच उंचीचं, रबरी शिक्का उठवल्यासारखं.

"शिव्या, घसा बसला का?"

नुसती पत्र्यावर पारव्यांची पावलं वाजली.

मान धरलीय, घसाही धरला असेल, असं म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. लागला. रिव्हर्स. लागला. नंबर पाटीवरचा, टपावरचे. सगळे लागले, आणि सगळ्यांना त्यांनी 'बरं' म्हटलं. मग आतले दिवे.

"पलंगावरचा?"

"लागला."

"बरं. संडासातला?"

"लागला."

"बरं," म्हणून खूण केल्यावर त्यांचं पेन कागदावरच टेकून राहिलं. संडासाचं दार त्यांनी मघाशी स्वतः ओढून घेतलं होतं. त्याला खिडकी नव्हती. बाहेरून तो दिवा दिसण्याची सोय नव्हती.

म्हणजे शिवयोगी मागच्या दारानं आत चढला असणार. ठीक. फक्त गाडी हलली नव्हती. चनबसप्पांच्या साठ किलोंना खचणारी गाडी शिवयोगीच्या पंच्याऐंशी किलोंना खचली नव्हती. स्प्रिंगांच्या कलमापुढं उत्तम असं लिहिलेलं त्यांनी पुन्हा एकदा वाचलं.

वळून बघावं, असं मनात आलं. पण नियम स्वतः केलेला होता, आणि एवढ्या वर्षांनी एका संडासाच्या दिव्यासाठी शिवयोगीवर अविश्वास दाखवायचा, ही गोष्ट त्यांना बरी वाटेना. उद्या गल्लीत सांगत सुटेल, चनबसू घाबरला म्हणून.

"ओट्यावरचा?"

"लागला." आवाज आता ओट्यापाशी होता.

"बरं. बाकड्यावरचा?"

"लागला." बाकड्यापाशी.

"बरं," असं चनबसप्पांची जीभ म्हणाली. त्यांनी तिला तसं सांगितलं नव्हतं.

एक बटण राहिलं होतं, त्यांच्या डोक्यावरच्या दिव्याचं. बारा खुणा झाल्या होत्या आणि तेरावा चौकोन रिकामा होता. अपुऱ्या यादीखाली त्यांनी जन्मात सही केली नव्हती. त्यांनी बटण दाबलं, विचारलं मात्र नाही.

"लागला."

मानेपाशी. आणि शब्दाबरोबर गार, ओलसर असं काहीतरी मानेला लागलं, नदीकाठच्या विहिरीत वाकून बघताना तोंडाला लागतं तसं.

"बरं," चनबसप्पा म्हणाले.

मागं वळायचं नाही, हा नियम होता. आरशाविषयी नियम नव्हता. समोरचा आरसा तुसानं पांढरा झालेला होता. त्यांनी रुमालानं तो बोटभर पुसला. दिसला तो एक हात. मागच्या माणसानं वर करावा तसाच, रीतसर वर केलेला, तळवा त्यांच्याकडं. त्या तळव्यावर एकही रेष नव्हती. पुसलेल्या पाटीसारखा कोरा तळवा.

हाताच्या खाली काय होतं ते दिसायला आरसा आणखी पुसावा लागला असता. त्यांनी पुसला नाही.

५

दार कसं उघडलं ते त्यांना आठवत नव्हतं. गाडीला धरून ते मागच्या बाजूला गेले, शिवयोगीला दोन शिव्या द्यायच्या तयारीनं. शिव्या तोंडातच राहिल्या.

गाडीच्या मागं तूस दुधावरच्या सायीसारखं अभंग पसरलं होतं. तिथं कुणीही उभं राहिलेलं नव्हतं. शिवयोगीच्या चपलांचे ठसे बगलेनं मागच्या चाकापर्यंत जात होते, तिथून वळत होते आणि भिंतीच्या कडेकडेनं सरळ शेडच्या दाराकडे निघून जात होते. लांब लांब टांगा टाकलेल्या. शिवयोगीसारख्या जड माणसानं पळतच जावं तशा.

तो कडुलिंबाखाली उभा होता. चनबसप्पांना पाहून त्यानं विचारलं, "सगळं तपासलंस?"

"तू कुठं होतास?"

"सगळ्या खुणा झाल्या का, ते सांग."

"झाल्या."

शिवयोगीनं डोळे मिटले. त्याच्या गळ्यात मफलर नव्हता. तो हातात होता, पिळून घडी केलेला. विरेश चपलेनं माती उकरत होता आणि दोघांकडेही बघत नव्हता.

परतीच्या वाटेवर, पहिल्याच वळणावर शिवयोगीनं स्कूटरचा इंडिकेटर दिला. टिक, टिक, टिक. महिन्याभरात पहिल्यांदाच. वळण सरलं तरी तो चालूच ठेवला. मागं बसलेल्या चनबसप्पांना त्याचे खांदे हलताना दिसत होते, आणि तो हसतोय की रडतोय हे मागून कळत नव्हतं.

६

घरी गिरिजाबाई नव्हत्या, देवळात गेल्या होत्या. चनबसप्पांनी दार उघडलं आणि सवयीनं दिवा लावला.

"लागला."

हातभर अंतरावरून, पाठीमागून. ते वळले. भिंत, कॅलेंडर, दोरीवरचा टॉवेल. त्यांनी न्हाणीघरातला दिवा लावून बघितला. मग पंखा लावून बघितला. पंखा म्हणजे दिवा नव्हे, असा मुद्दा त्यांना सुचला होता. मुद्दा फेटाळला गेला. तिन्ही वेळा त्यांनी 'बरं' म्हटलं, आणि तिसऱ्या वेळी शर्टाची कॉलर ओली झाली.

ते रस्ता ओलांडून समोर गेले. अजून ऊन होतं, पण शिवयोगीच्या घरातले सगळे दिवे पेटले होते, ओट्यावरचा, माडीवरचा, तुळशीपाशी लावलेली दिवाळीची माळसुद्धा. आतल्या खोलीत शिवयोगी बटणापाशी उभा होता. लावत होता, बंद करत होता, लावत होता, आणि दरवेळी कान देऊन ऐकत होता. चेहरा एखाद्या सुटून आलेल्या कैद्यासारखा.

"शिव्या."

शिवयोगीचा हात बटणावरच थांबला. "तू बरं म्हणालास का?" त्यानं न वळता विचारलं.

"मी नेहमी म्हणतो. तुला ठाऊक हाय."

"व्हय. ठाऊक हाय."

शिवयोगीनं दिवा पुन्हा एकदा लावला.

"विरेश कोण तुझा?"

"धाकट्या बहिणीचा पोरगा. मामा, मामा करत घेऊन गेला मला. म्हणाला, मामा, तुमी पुढं बसा, मी मागं उभा राहतो." शिवयोगी भिंतीशी बोलत होता. "तुझीच रीत शिकवली होती मी त्याला."

"मला का नेलंस? जगात दुसरं कुणी मिळालं न्हाय तुला?"

"ओळखीचे चौघं नेऊन बघितले. ते वळून बघतात चनबसू. विश्वासच न्हाय लोकांचा. एक जण तर मोबाईलचा कॅमेरा मागं लावून बसला." तो आता वळला, आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "माझ्या शब्दावर मागं न बघणारं माणूस... तू एकटाच होतास."

चनबसप्पांना मारावंसं वाटलं आणि हात उचलेना. अठ्ठावीस वर्षांचा विश्वास, आणि त्याचा या माणसाला एवढाच उपयोग सुचला होता.

"बरं म्हणू नकोस," शिवयोगी घाईघाईनं म्हणाला. "म्हटलं की जवळ येतं. मी तिसऱ्या दिवशी सोडलं, तरी लई उशीर झाला होता. लाईटी सुनेला लावायला सांगायचो. दुसऱ्यानं लावलं तर बोलत न्हाय. पर माणूस किती दिवस लक्षात ठेवणार? हात जातोच की बटणाकडं."

तो मफलर आणायला वाकला, तेव्हा त्याची मान दिसली. केसांच्या कडेपासून कॉलरपर्यंतची कातडी पांढरीफटक होती आणि तिला सुरकुत्या पडल्या होत्या, तासन् तास पाण्यात राहिलेल्या बोटांना पडतात तशा.

"ठेव," शिवयोगी मफलर पुढं करत म्हणाला. "लोकरीचाच वापर. सुती लगेच भिजतं."

मित्राची घ्यावी तशी काळजी त्याच्या आवाजात होती. ती ऐकून चनबसप्पा दोन पावलं मागं सरले. मफलर मात्र त्यांनी घेतला.

७

"खालून सडलीय गाडी," त्यांनी त्या दिवशी गिरिजाबाईंना सांगितलं. "नको."

गिरिजाबाईंनी कुणाकडून तरी नकाशा आणून त्यावर पेन्सिलीनं खुणा केल्या होत्या. तो घडी करून त्यांनी डाळीच्या डब्याखाली ठेवला. चनबसप्पांना बरं वाटलं, चांगला माणूस असल्यासारखं. हे वाटणं तीन आठवडे पुरलं.

तीन आठवड्यांत ते पाच वेळा चुकले. दोनदा न्हाणीघरात, एकदा शेजाऱ्यांच्या जिन्यावर, एकदा बँकेतल्या मशीनपाशी. 'बरं' त्यांनी दातांनी धरून ठेवलं. पाचव्या वेळी गल्लीतली वीज गेली होती. अंधार झाला की माणूस बटण दाबून बघतो, तसं त्यांनी दाबलं आणि विसरले. गिरिजाबाई उंबऱ्यावर वारा घेत बसल्या होत्या.

"शिवयोगी भावजी म्हणत होते, गाडी नवीसारखी हाय म्हणून. कुटं सडली न्हाय म्हणून."

"तो काय बी म्हणंल."

"मग खोटं कोण बोलतंय?" त्यांचा आवाज चढला नाही. "नको तर नको म्हणायचं होतं. मी काय रडले असते व्हय? आठ वर्षं शब्द ठेवलात, आन् मोडायला खोटं बोललात. माझ्याशी."

त्याच क्षणी वीज आली. सगळी गल्ली उजळली आणि पोरं ओरडली.

"लागला," कानाच्या पाळीला टेकून आवाज म्हणाला.

"बरं," चनबसप्पा म्हणाले, आणि मग मानेला जे लागलं तो श्वास नव्हता. ते टेकलं. आणि टेकूनच राहिलं.

त्या रात्री आणि पुढच्या दोन्ही रात्री ते पालथे झोपले. टेकलेलं हललं नाही. चौथ्या दिवशी, मफलरचं पाणी मोरीत पिळताना, ते मुद्दे काढू लागले. कचेरीत शिकलेली ही दुसरी विद्या. एक, गिरिजाबाई वीज फार वापरत नाहीत. देवाजवळची समई काड्यापेटीनं लागते. दोन, त्यांना 'बरं' म्हणायची सवय नाही, त्या 'व्हय' म्हणतात. तीन, हे कायमचं नाही. पुढं त्यांनाही कुणीतरी मिळेल. मुद्दे व्यवस्थित होते. वर साहेब असते तर मंजूर झाले असते.

त्यांनी विरेशला फोन लावला.

"गाडी हाय अजून?"

"हाय की काका." मग जरा थांबून, हळू आवाजात, "कोण येणार बघायला?"

स्वयंपाकघरात गिरिजाबाई भाकरी थापत होत्या. त्यांची मान घामानं चमकत होती. एकोणचाळीस वर्षांत, नवरा मागून काही म्हणाला आणि ते खरं आहे का म्हणून त्यांनी वळून बघितलं, असं कधी झालं नव्हतं. आतासुद्धा, मागं कोण उभं आहे ते माहीत असल्यासारख्या, त्या तशाच थापत राहिल्या.

"घरचीच," चनबसप्पा म्हणाले.

८

गिरिजाबाई ठेवणीतलं इरकल नेसल्या होत्या. ओटा पुसायला घरून फडकं आणलं होतं. विरेशनं शेडच्या नळ्या लावल्या आणि तो लांब झाला. तूस तसंच होतं.

त्या आत चढल्या, पलंगावर बसून बघितलं, नळ सोडून बघितला. मग संडासात गेल्या आणि आतून कडी लावली. बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा डोळे पुसत हसत होत्या.

"दार घट्ट लागतंय हो. आतनं काई ऐकू बी येत न्हाय बाहेरचं."

"आता पुढं बस," चनबसप्पा म्हणाले. "दिवे तपासायचे राहिलेत."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काही नसतं." त्यांनी तिला बटणं दाखवली. चिकटपट्ट्या नव्या होत्या. त्या त्यांनी एकेक करून सोलल्या. सीटवरचा डाग आणखी खाली उतरला होता. त्यावर त्यांनी तिचाच पदर नीट सारला. "बटण दाबायचं आणि विचारायचं. मी मागून लागला म्हटलं, की तू बरं म्हणायचं."

"व्हय म्हटलं तर चालत न्हाय?"

ते क्षणभर थांबले. एवढा एकच क्षण त्यांना मिळाला होता.

"न्हाय," ते म्हणाले. "नियम हाय. आन् मागं वळून बघायचं न्हाय."

"तुमी हायसा म्हटल्यावर मी कशाला बघू?" गिरिजाबाई म्हणाल्या आणि त्यांनी चाक दोन्ही हातांनी धरलं, लहान मुलगी पाळण्याची कडी धरते तसं.

चनबसप्पा बगलेनं चालत मागच्या चाकापर्यंत गेले. तिथं जुने ठसे अजून दिसत होते. त्यांनी त्यांतच पाय ठेवले. भिंतीच्या कडेकडेनं, लांब टांगा टाकत ते दारापर्यंत आले आणि कडुलिंबाखाली उभे राहिले. विरेशनं त्यांच्याकडं बघितलं नाही. वारा नव्हता. शेजारच्या कारखान्यातले माग खडखडत होते, आणि तरीही गिरिजाबाईंचा आवाज शेडमधून स्वच्छ आला, थोडा लाजलेला, थोडा ऐटीतला.

"अहो, डावा दाबला. लागला का?"

त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. मानेवरचं ओझं सुटत गेलं. त्यांचा हात मफलरच्या गाठीकडे गेला.

गाठ भिजून घट्ट बसली होती, ती सोडायला वेळ लागला.

"बरं," गिरिजाबाई म्हणाल्या.